कुणी राहिलं का?

बस, ओफोरी. आक्राहून शिकून आलास,
पंखा तुझ्याकडे वळवते.
वाचला तुझा कागद.
दहा पोस्टरांवर अकरावं फुकट.
अकरावं घेऊन लोकांनी करायचं काय, सांग?
जपून ठेवायचं, पुढच्यासाठी?
आणि हे शिक्क्यांचं कार्ड, नऊ झाले की दहाव्याला सूट.
अरे, नऊ शिक्के पडेस्तोवर त्या घरात
कार्ड धरायला हात तरी उरेल का?

आपण गेलेल्यांची पोस्टरं छापतो.
'पुन्हा या' म्हणायची सोय नाही या धंद्यात.
गिऱ्हाईक उठलं की मी नुसती दारापर्यंत जाते,
टॅक्सी मिळेपर्यंत उभी राहते.

जाहिरात म्हणतोस. ती लागलेली आहेच की.
केजेतियाच्या कुठल्याही भिंतीशी जा,
फोटोखाली, मुलांखाली, जावयांच्याही खाली
मुंगीएवढ्या अक्षरांत आपला नंबर.
वाचायला वाकावं लागतं.
आणि ज्याला तो हवा असतो
तो तसाही वाकलेलाच असतो.

हरमॅटन सुटला, धूळ आली, ऊन आलं
की भिंतीवरची माणसं निळी पडतात.
आधी पिवळा उडतो, मग लाल.
स्वस्त शाईतला माणूस
तीन आठवड्यांत दुसऱ्यांदा जातो.
तुझ्या आजोबांनी शाईत हात आखडला नाही.
आपली माणसं ईस्टरपर्यंत लालची लाल.
टोमॅटो विकणाऱ्या बायका बोट दाखवतात:
हा सेरवाच्या दुकानातला.
हे तुझ्या कुठल्या रकान्यात बसतं?

मतदार-ओळखपत्रावरचा भेदरलेला चेहरा घेऊन येतात.
मी त्याला केंटे नेसवते, जन्मात न परवडलेलं.
पडलेले दात मात्र भरत नाही.
बायकोला ओळखू यायला हवा.

आता पान चार.
दाराशी बसणाऱ्या म्हाताऱ्याला आत हलवा,
गिऱ्हाईक बिचकतं, असं लिहिलंयस.

तू तेव्हा दुधाचे दात पाडत होतास.
ओपानिन दारकोंचं पोस्टर, बारा मुलं.
रात्री लाईट गेली, आली,
त्यात एक ओळ कुठे गेली ते मला कळलं नाही.
चाळीस भिंतींवर अकराच मुलं लागली.
बारावा होता ब्रेम्पोंग, धाकटीचा.
भांडायला आला असता तर बरं झालं असतं.
तो निळं बॉलपेन घेऊन भिंतीभिंतीने फिरला
आणि दहाव्या-अकराव्या नावांमधल्या फटीत
स्वतःला लिहीत गेला.
मी त्याला रेल्वेच्या कुंपणापाशी गाठलं.
पेनातली शाई संपली होती.
तो नुसताच दाबून लिहीत होता,
कागद फाटेपर्यंत.

त्या रात्री सगळी पुन्हा छापली.
कसाव्याची खळ मी लावली, शिडी त्याने धरली.
सकाळी दुकान उघडलं तर दाराशी बसलेला.
सतरा वर्षं झाली.

काम त्याचं एवढंच. छापायच्या आधी
यादी मोठ्याने वाचायची, सावकाश,
सावत्र, दत्तक, परदेशातले, बोलणं तुटलेले,
आणि शेवटी चष्मा काढून विचारायचं,
कुणी राहिलं का?

बिचकतात, खरंय.
काही जण बोटं मोजतात. एकाने बाहेर जाऊन
तीन वर्षांनी भावाला फोन लावला.
परवा एक बाई म्हणाली, मीच राहिले.
सगळ्यांची नावं दिली होती तिने, स्वतःचं सोडून.
ब्रेम्पोंगने तिला अक्षरं विचारली,
एकेक करून, दोनदा.

ती गेली तेव्हा नंबर मागून गेली नाही.
आज तिची जाऊ आलीय, बघ, बाकावर.

लाईट आली. कागद उलटा कर तुझा,
मागची बाजू कोरी आहे,
नावं उतरवून घे.